पंधरा पावलं पुढे

भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी होती आणि नानांनी माझ्या किटबॅगचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. दोन मोठ्या बॅगा आत गेल्या होत्या, मंजिरी तीन वर्षांच्या ईशाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती आणि मी दारात उभा राहून हात पुढे केला होता. नाना माझे वडील, लोको शेडमध्ये पस्तीस वर्षं फिटर. त्यांच्या मुठीतली वस्तू त्यांच्या मनाविरुद्ध काढून घेणं सोपं नाही. बॅगेत होतं काय, तर माझा ग्लव्ह, स्पाइक्सचे बूट आणि रेल्वेच्या टीमच्या दोन विटलेल्या जर्सी. "तिथे तुला कोणी खेळायला घेणार आहे का?" त्यांनी विचारलं. चार महिने ते हेच निरनिराळ्या शब्दांत विचारत होते. खेळाच्या जोरावर मिळालेली पर्मनंट नोकरी सोडून मी बायकोच्या मागोमाग विलायतेला निघालो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की ईशाही बोबड्या आवाजात तेच म्हणायला लागली होती. गार्डाची शिट्टी झाली. मी म्हणालो, "बोलणं झालंय, नाना. एक टीम आहे. पगारी."

त्यांनी पट्टा सोडला.

असली कुठलीही टीम नव्हती. उलट माझ्या शर्टाच्या खिशात व्हिसाचं जे पत्र होतं, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की डॉक्टर मंजिरीचा नवरा म्हणून मला इंग्लंडमध्ये कुठलंही काम करता येईल, फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून नाही. मंजिरीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी हसलो होतो. जगातली सगळी कामं उघडी आणि मला येतं तेवढं एकच बंद. पण गाडी हलायला लागली होती, नाना बाजूनं चालत होते आणि त्यांचा चेहरा चार महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. म्हटलं, पोचल्यावर सांगू.

सुधीरनं मागच्या महिन्यात आपल्या जुन्या टीमच्या ग्रुपवर मला एक प्रश्न टाकला आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हे लिहितोय. भुसावळात राहिलेल्यांसाठी, आणि पुणे, दुबई, न्यू जर्सी असे पांगलेल्यांसाठीही. घरातल्या कोणाला हे वाचायला मिळालं आणि बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नसलं, तर एवढंच समजा की मी बारा वर्षं मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा असायचो. त्या जागेला सेंटर फील्ड म्हणतात. बॅटरनं उंच, लांब मारलेले बॉल पकडायचे आणि पकडता नाही आले तर उचलून आत फेकायचे, एवढंच काम.

आपलं मैदान तुम्हाला आठवतच असेल. काळी माती, उन्हाळ्यात भेगा, गवत औषधालाही नाही. मागे कुंपण नव्हतं, नाला होता. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बॉल बॅटवरून सुटला की जात राहायचा, आणि डोक्यावरून गेला तर त्या टणक जमिनीवर टप्पे घेत थेट नाल्यात. मग नाल्यात उतरून बॉल शोधेपर्यंत समोरचा गडी चारही बेस फिरून सावलीत पाणी पीत बसलेला असायचा. म्हणून तायडे सरांनी मला पहिल्या वर्षीच मागे नेऊन उभं केलं. सर बोलायचे कमी. "डोक्यावरून काही जाता कामा नये" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "प्रत्येक बॉल तुझ्याकडेच येणार आहे असं समज" हे दुसरं. पुढच्या बारा वर्षांत तिसरं फारसं लागलं नाही.

मी तसाच घडलो. खूप मागे उभा राहायचो आणि बॅटचा आवाज ऐकून पळायचो. खणखणीत आवाज आला तर मागे वळायचं, दबका आला तर पुढे सुटायचं. बॉल नंतर बघायचा. डाइव्ह कधी मारली नाही, त्या भेगांत कोण मारेल? गुडघा टेकवून, अंगानं बॉल अडवून उचलायचा, कारण टप्पा कुठे वळेल याचा भरवसा नव्हता. आणि थ्रो! तो मात्र माझा होता. आउटफिल्डरनं बॉल मध्ये उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपकडे द्यावा आणि त्यानं पुढे, अशी पद्धत. आपला शॉर्टस्टॉप सुधीर, आणि सुधीरच्या हातून बॉल निसटायचा. चिडू नकोस सुधीर, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी त्याच्या डोक्यावरून थेट फेकायचो. या खांद्यानंच मला एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत चिकटवलं, पार्सल ऑफिसात टेबल दिलं, स्पर्धेसाठी भरपगारी रजा दिली. राज्याच्या टीममधून सात वर्षं खेळलो. देशाच्या शिबिराला एकदा गेलो आणि शेवटच्या यादीत नाव न येता परत आलो. बेसबॉलवर पोट भरणं आपल्याकडे याहून वेगळं नसतं, आणि मला ते पुरेसं वाटायचं.

नाना प्रत्येक मॅचला यायचे. शेडची ड्यूटी संपली की सायकल कडुनिंबाला टेकवायची आणि उभ्यानंच बघायचं. नियम त्यांना कधीच कळले नाहीत. धाव कधी होते, बाजू का बदलते, यात त्यांनी लक्षच घातलं नाही. बॉल हवेत गेला की ते बॉलकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर ते असे माझ्याकडेच बघत आले. रात्री जेवताना म्हणायचे, "आज चार पकडलेस." तेवढीच समीक्षा.

मिल्टन कीन्सला आलो तो ऑक्टोबर होता. शहर आखून बांधलेलं, सरळ रस्ते, आणि दर अर्ध्या मिनिटाला राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालायचा चौक. गाडी चालवायला शिकलो तेव्हा पहिले सहा महिने मी बहुतेक गोलच फिरत होतो. मंजिरी हॉस्पिटलात दिवस-रात्र, ईशा नर्सरीत, आणि मी झगझगीत पिवळं हाय-विज जॅकेट घालून गोदामात. या शहराभोवती गोदामं उदंड. खोकी स्कॅन करायची, ट्रॉलीवर लावायची. कामाबद्दल तक्रार नाही, पार्सल ऑफिसच होतं ते, फक्त थंड. तक्रार शरीराची होती. बारा वर्षं दर बॉलला एक पाऊल उचलायची सवय लागलेलं अंग. ते उभं राहीना. रांगेत उभा असलो तरी पाय हलायचे. किचनमध्ये कोणी भांडं आदळलं की मी अर्धा वळलेला असायचो. मंजिरी म्हणायची, "तू जरा बस ना." बसलो की झोप, नाहीतर चिडचिड. आम्ही सहा वर्षांत चार घरं बदलली, आणि प्रत्येक घरात मी रिकाम्या बॅगा पलंगाखाली ठेवल्या, माळ्यावर टाकल्या नाहीत. का, ते मला विचारू नका.

नानांना खरं सांगायचं राहून गेलं. पहिल्या फोनला त्यांनी विचारलं, "टीम कशी आहे?" मी म्हटलं, इथे हिवाळ्यात खेळत नाहीत, वसंतात सुरू होईल. हे खरंच होतं. पुढे एप्रिलमध्ये रेडवेवरून सायकलनं कामावर जात होतो. रेडवे म्हणजे इथले लाल डांबराचे रस्ते, सायकल आणि चालणाऱ्यांसाठी वेगळे. झाडीपलीकडून तो आवाज आला. लाकडी बॅटवर बॉल बसल्याचा, खणखणीत. मी सायकल टाकून झाडीतून घुसलो. कौन्सिलचं मैदान, एका टोकाला फुटबॉलचे खांब, आणि पंधरा-वीस माणसं बेसबॉल खेळत होती. प्लंबर होता, शाळेतला शिक्षक होता, केंब्रिजहून गाडी मारत येणारा एक जपानी संशोधक होता. टीमचा कप्तान गॅरेथ, वेल्सचा, दाढीवाला, बॉयलर दुरुस्त करणारा. मी म्हटलं, मी सेंटर फील्ड खेळतो. त्यानं एक ग्लव्ह फेकला. त्या दिवशी मी कामावर दोन तास उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली, पण रात्री सहा महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपलो.

ही हौशी टीम. पगार तर सोडाच, मैदानाच्या भाड्यासाठी आपणच वर्गणी द्यायची. व्हिसाला चालणारं हेच होतं. मी जर्सी घातलेला फोटो नानांना पाठवला, आणि फोटोखाली काही लिहिलं नाही. न लिहिणं हेही खोटंच असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. नानांनी फोटो मोठा करून फ्रेम केला आणि शेडसमोरच्या शंकररावांच्या टपरीवर नेऊन सगळ्यांना दाखवला. पोरगा विलायतेत प्रोफेशनल आहे. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "आज किती पकडलेस" हा प्रश्न ठरलेला, आणि मी आकडा सांगायचो. आकडे खरे असायचे. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत काढायचो.

खरं तर आकडे कमी होत चालले होते. इथे माझ्या हातात बॉल येईना. उंच मारलेला बॉल माझ्यापर्यंत पोचायच्या आतच मरायचा, समोरच्या गवतात पडायचा, आणि मी धावत येईपर्यंत बॅटर बेसवर. मला वाटायचं वय झालं, पाय जड झाले. गॅरेथ अधूनमधून म्हणायचा, "माइट बी वर्थ कमिंग इन अ टच, विज." विज म्हणजे मी, विजू. जरा पुढे आलास तर कदाचित बरं पडेल, असं काहीतरी. आणि पुढे लगेच, "अप टू यू, मेट." मी मान डोलवायचो आणि जागेवरच राहायचो. तायडे सरांनी कधी 'कदाचित' म्हटलं नव्हतं. सांगायचं असेल तर माणूस ओरडून सांगतो, हे आपलं शिक्षण. इंग्रज माणूस 'कदाचित' म्हणतो तेव्हा तो विनवणी करत असतो, हे मला कळायला सहा वर्षं लागली. सहा सीझन तो बिचारा तेच वाक्य म्हणत राहिला आणि मी ते हवापाण्याच्या गप्पांत जमा करत राहिलो.

पाच वर्षं झाली, तसा आम्ही इथे कायम राहण्याचा अर्ज केला. क्रॉयडनला बोटांचे ठसे द्यायला गेलो. बाहेर ट्रामची घंटा वाजली आणि मी दचकून वळलो, तेव्हा ईशा हसली होती. काही आठवड्यांनी ईमेल आला. आता कुठलीही अट नाही, कुठलंही काम करा, खेळाडू म्हणूनही. मंजिरीनं मिठी मारली. मी आनंदात होतोच, पण त्याच हिवाळ्यात माझा खांदा गेला होता. थेट फेकायचे दिवस संपले होते. बंदी उठली तेव्हा बंदी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मी कोणालाच बोललो नाही, कारण अशा दिवशी असं बोलू नये. आता आमचंही इथलं पर्मनंट झालं, एवढं नानांना कळवलं. ते म्हणाले, "मग आता मी येऊन मॅच बघतो."

नाना मागच्या मे महिन्यात आले. विमानतळावर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ट्रॉली ढकलत आला आणि त्यानं सगळ्यात आधी माझ्या पोटाकडे पाहिलं. रविवारपर्यंत चार दिवस होते. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. चहाच्या वेळी ठरवायचो आणि त्यांना खिडक्यांचं दुहेरी काचेचं डबल ग्लेझिंग कसं असतं ते समजावत बसायचो. मंजिरी म्हणाली, तू सांग, नाहीतर मी सांगते. मी म्हटलं, मॅचनंतर.

रविवारी मंजिरीचं जुनं पफर जॅकेट आणि कानटोपी घालून नाना रेषेबाहेर फोल्डिंग खुर्चीवर बसले. बाजूला नऊ वर्षांची ईशा. प्रेक्षक म्हणाल तर हे दोघं, शिक्षकाची बायको आणि कुत्र्यांना फिरवणारे लोक. नाना मैदान न्याहाळत होते. मला वाटलं, स्टेडियम कुठाय म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं नाही. नंतर कळलं की त्यांना यात काही वावगं वाटलंच नव्हतं. भुसावळला तरी काय होतं? खुर्ची मिळाली हीच त्यांना बढती वाटली होती.

ईशा त्यांना नियम समजावत होती. तिची मराठी तुम्हाला गोड वाटेल, तिच्या आजोबांनाही वाटते. "आजोबा, तुझी चहा थंड होते, पी ना," असं ती म्हणते आणि ते पितात. त्या दिवशी तिनं त्यांना तीन आउट, नऊ डाव, सगळं शिकवलं, बारा वर्षांत जे मला जमलं नव्हतं ते. आणि मध्येच नानांनी विचारलं असणार की या पोरांना पगार किती. मी सेंटर फील्डमध्ये होतो, ऐकू येणं शक्य नव्हतं. पण नानांची मान ईशाकडे वळलेली दिसली आणि बराच वेळ तशीच राहिली. नंतर ईशानं स्वतःच मला सांगितलं, "मी सांगितली की बाबाला कोणी पैसे नाही देत. बाबा देतो. आणि जॉब वेअरहाउसमध्ये आहे. बरोबर सांगितली ना?" मी म्हटलं, बरोबर सांगितलंस.

त्या मॅचमध्ये तीन बॉल माझ्या पुढ्यात पडले. एकही पकडला नाही.

परतताना नाना पुढच्या सीटवर होते. पहिला राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं की पुढचा यायचा आणि मी उजवीकडे बघत बसायचो. चौथ्यानंतर ते बोलले, रस्त्याकडे बघत.

"गोदामाचं मला काही नाही. मीही आयुष्यभर तेल-ग्रीसमध्येच हात घातले. पण मी टपरीवर सांगितलंय, विजू. सगळ्या शेडला सांगितलंय. आता तिथे जाऊन मी काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. तुला येतं."

मला मारलं असतं तर चाललं असतं. भुसावळात शेडच्या दारापासून बाजारापर्यंत कोणालाही विचारा, नानांनी सांगितलं की ते तसंच असतं. इंजिन तयार म्हटलं की तयार. त्या माणसाला मी सहा वर्षं दर रविवारी थोडं थोडं खोट्यात ओढत आणलं होतं, आणि आता एकतर त्यानं स्वतः खोटं बोलायचं किंवा चारचौघांत मान खाली घालायची, असं होऊन बसलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी "हं" म्हटलं. तो आठवडा ते घरात नीट बोलले, जेवले, ईशाच्या शाळेपर्यंत चालत गेले. माझ्याशी बोलताना मात्र फक्त मीठ, पाणी, टॉवेल. मी रोज कामावरून येऊन मागच्या अंगणात येरझारा घालत होतो. मंजिरीनं एकदा दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मी किटबॅग उचलली तेव्हा ते येतील असं वाटलं नव्हतं. ते आधीच बूट घालून दाराशी उभे होते.

पहिल्याच डावात, आमची फील्डिंग लागली, मी मागे जाऊन उभा राहिलो, पिचरनं हात फिरवायला घेतला आणि अंपायरनं मॅच थांबवली. बघतो तर नाना खुर्ची सोडून, रेषा ओलांडून, निळं पफर जॅकेट आणि कानटोपी अशा अवतारात मैदानातून सरळ माझ्याकडे चालत येत होते. शेडमध्ये चालायचे तसे, हात मागे बांधून. अंपायर सभ्यपणे विचारत होता की सर, सगळं ठीक आहे ना. गॅरेथनं त्याला हातानं थांबवलं. दोन्ही टीम बघत उभ्या.

"नाना, मॅच चालू आहे."

"म्हणूनच आलो. पुढे ये."

मला कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"मागच्या खेपेला तीन बॉल तुझ्या पुढे पडले. भुसावळात तुझ्या पुढे बॉल पडलेला मी पाहिला नाही. इथे हवा गार आहे, बॉल येत नाही तुझ्यापर्यंत. गवत ओलं आहे, मागे गेला तरी पळायचा नाही. नाला नाही, काही नाही. मग इतक्या मागे कोणासाठी उभा आहेस?"

आणि उत्तराची वाट न बघता ते वळले आणि पावलं मोजत पुढे निघाले. मी मागोमाग. पंधराव्या पावलाला थांबले, बुटाच्या टाचेनं गवतात खूण केली, "इथे," म्हणाले, आणि तसेच हात मागे बांधून खुर्चीकडे गेले. गॅरेथ मला नंतर म्हणाला की सहा वर्षांत त्यानं ऐकलेलं हे सर्वोत्तम कोचिंग होतं, आणि शब्द एकही कळला नाही.

नियम न कळणारा माणूस होता तो. पण त्यानं कधी बॉलकडे पाहिलंच नव्हतं. तो बारा वर्षं माझं उभं राहणं बघत होता, आणि ते बदललं नव्हतं हे त्याला एका रविवारी दिसलं. मैदान बदललं, देश बदलला, हवा बदलली, आणि मी आपला अजून नाल्याला घाबरून मागे उभा. त्या खुणेवर उभं राहिल्यावर मला अगदी उघड्यावर आल्यासारखं वाटलं. मागे केवढी मोकळी जागा, डोक्यावरून गेला तर? पाय स्थिर राहीनात.

तिसऱ्या डावात दबका आवाज आला आणि मी पुढे सुटलो. मागच्या रविवारी गवतात पडला असता तोच बॉल. गुडघ्याच्या उंचीवर ग्लव्हमध्ये बसला. नानांनी टाळी वाजवली नाही. ते ईशाकडे वाकून काहीतरी विचारत होते. "आता हा आउट ना?" असं ते विचारत होते, हे ईशानं नंतर सांगितलं, आणि ती म्हणाली होती, "हो आजोबा, आउट झाली." मॅच आम्ही हरलो. घरी जेवताना नाना म्हणाले, "आज पाच पकडलेस. एक डोक्यावरून गेला." मग भाताचा घास घेऊन म्हणाले, "गेला तर गेला. दहा पावलांवर थांबला गवतात." माफी झाली असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी मीठ-पाण्याच्या पुढचं तेवढं बोलणं झालं.

नाना सप्टेंबरमध्ये परत गेले. विमानतळावर त्यांच्या बॅगेचा पट्टा मी धरला होता. या वेळी वाट बघायची पाळी त्यांची होती, त्यांनी तो ओढला नाही.

आता सुधीरचा प्रश्न. सुधीरनं ग्रुपवर लिहिलं की नाना टपरीवर आले होते, सगळ्यांनी विचारलं, काय मग, पोराची टीम कशी आहे? नाना म्हणाले, "पोरगा अजून खेळतो. मागे उभा राहायचा, मी पुढे आणला." कोणीतरी पगाराचं विचारलं, तर म्हणाले, "ते त्याचं त्याला विचारा," आणि चहा अर्धा ठेवून उठले. नानांनी चहा अर्धा ठेवला, म्हणजे काय भानगड आहे, असं सुधीरनं मला विचारलंय.

तर भानगड ही. विलायतेत मी प्रोफेशनल नाही, कधीही नव्हतो. पगार गोदामाचा मिळतो, खेळायची वर्गणी मी भरतो. प्लॅटफॉर्मवर मी नानांना खोटं सांगितलं आणि त्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते त्यांना खरं वाटलं म्हणून सांगितलं. खोटं माझं आहे, त्यांच्या नावावर एक अक्षर लागता कामा नये.

मला लोक विचारतात, आता घर कुठलं. इथले विचारतात, तिथले जास्त विचारतात. मिल्टन कीन्सला मी अजून गोलच फिरतो आणि भुसावळला जाऊन महिनाभर राहीन तर तिथेही पाय हलत राहतील. या अंगाला बसणं येत नाही आणि आता येईल असंही वाटत नाही. पण गेल्या आठवड्यात मी पलंगाखालच्या बॅगा काढून माळ्यावर टाकल्या. ईशानं शिडी धरली. आणि रविवारी मैदानावर गेलो की आधी गाडीतून ती फोल्डिंग खुर्ची काढतो, रेषेबाहेर होती तिथेच मांडतो आणि तिच्याकडे बघून मी किती मागे आहे ते तपासतो. तिथून कोणीतरी माझं उभं राहणं बघत होतं, एवढं मला घराबद्दल नक्की सांगता येतं. मग पंधरा पावलं पुढे येतो.

सुधीर, हे टपरीवर मोठ्यानं वाच. सगळे असताना वाच, आणि नाना तिथे आहेत ना ते आधी बघ. त्यांचा चहा संपेपर्यंत वाचत राहा.